धुक्यातली हाळी

माझा आवाज मोठा आहे. हे मी कबुली म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी सुपरवायझर आहे. भट्टी पेटलेली असते, ग्राइंडर किंचाळत असतात, आणि त्या सगळ्यावरून शेडच्या पार पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला 'क्रेन थांबव' एवढं सांगायचं असतं. बाकीचे सुपरवायझर त्यासाठी शिट्टी वापरतात. मलाही कंपनीनं एक शिट्टी दिली होती. ती मी घरी नेऊन पोरीला खेळायला दिली.

आमचं घर उचगावात. शेजारीण म्हणते, तुम्ही फोनवर बोलायला लागलात की आम्हाला टीव्ही बंद करावा लागतो. मी म्हणते, मग करा की बंद, असं काय चांगलं चाललेलं असतं त्यावर. ती हसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगते. माझ्या आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्या माणसांचं मला कधीच वाईट वाटलं नाही. तो आवाज काय कामाचा आहे हे त्यांना माहीत नसतं, आणि मला असतं.

हा आवाज मी माहेरून आणलाय. माझं माहेर कृष्णाकाठच्या एका गावात. आम्ही जैन, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं आमच्यात आईला अव्वा म्हणतात. आवाज अव्वाचा. तिनं दारात उभं राहून हाक मारली की तिसऱ्या गल्लीतलं जेवत बसलेलं पोर हात न धुता उठायचं, मग ते आमच्या घरचं असो वा नसो.

गाव नदीच्या एका काठाला आणि गावाची निम्मी शेतं दुसऱ्या काठाला, अशी आमची मांडणी. पूल आहे, पण तो लांब पडतो. ज्याच्याकडं गाडी आहे तो पुलावरून जातो. डोक्यावर वैरणीचा भारा असलेली बाई नावेनंच येते. पूर्वी म्हणे नावसुद्धा नव्हती. गुऱ्हाळातली जुनी काहील, म्हणजे गूळ आटवायची ती भलीमोठी कढई, पाण्यात सोडायची आणि तिच्यात बसून पलीकडं जायचं. मी पाहिलेली नाव मात्र खरीखुरी, ग्रामपंचायतीची. आधी लाकडी होती, आता फायबरची आहे आणि तिला मागं डिझेलचं छोटं इंजिन आहे. ती चालवणाऱ्याला सगळं गाव मामा म्हणतं.

गावाच्या खालच्या अंगाला कोल्हापुरी बंधारा आहे. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालतात, म्हणजे लांब जाड फळ्या, आणि पाणी अडवतात. पाणी तुंबतं, वर चढतं आणि बरग्यांवरून पलीकडं पडत राहतं. दिसायला झकास दिसतं. लोक फोटो काढतात. नावेला मात्र त्याचंच भय. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असेल तर नदीला ओढ असते, आणि दिशा चुकलेली नाव नकळत बंधाऱ्याकडं सरकत जाते. बरग्यांवर आडवी लागली की पलीकडच्या खडकांवर उलटायला तिला वेळ लागत नाही. उजेडात मामा डोळे मिटूनसुद्धा तिकडं जाणार नाहीत. प्रश्न फक्त धुक्याचा.

नदीवरच्या धुक्याची एक लबाडी आहे. गगनबावड्याला कोकणातून वर चढणारं धुकं निदान येताना दिसतं. आमचं धुकं पाण्यातूनच उठतं. थंडीच्या दिवसांत पहाट स्वच्छ असते, पलीकडची उसाची शेतं दिसतात, आणि माणसं बिनधास्त नावेत बसतात. लोकांना वाटतं सूर्य उगवला की धुकं जातं. आमच्या नदीवर सूर्य उगवला की ते आधी दाट होतं आणि मग निवांत जातं. तोवर नाव मध्यावर पोचलेली असते आणि दोन्ही काठ पुसले गेलेले असतात.

अशा वेळी घाटावरून हाळी घालायची. हाळी म्हणजे लांबच्या माणसाला घातलेली हाक. ती ऐकत ऐकत नाव काठाला यायची. आमच्या गावात धुक्यातली हाळी कशी घालायची याची एक रीत आहे, आणि ती रीत अव्वामुळं पडली. हे मी अभिमानानं सांगते.

अव्वा लग्न होऊन आली त्याच थंडीत अण्णा, म्हणजे माझे वडील, पलीकडून येताना धुक्यात अडकले. माझे आजोबा, चुलते, शेजारी सगळे घाटावर जमून अण्णांना नावानं हाका मारत होते. दुसऱ्यांची माणसंही नावेत होती, त्यांच्या घरचे त्यांना हाका मारत होते. ज्याचं नाव ऐकू येई तो नावेत उठून उभा राहून ओ देई. नाव डुले, बाकीचे ओरडत, आणि मामांच्या वडिलांना, तेव्हा नाव त्यांच्याकडं होती, घाट कुठं आहे हे काही केल्या कळेना. अव्वा घागर घेऊन पायऱ्यांवर उभी होती. तिलाही हाक मारायची होती, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा शिरस्ता तिच्या अंगात इतका मुरलेला की तशा वेळीही ते तोंडातून निघेना. मग तिनं दुसरंच काहीतरी ओरडायचं म्हणून ओरडलं. 'हितं हायऽऽ.' फक्त तेवढंच.

ते ऐकून नावेत कुणीच उठलं नाही, कारण ते कुणालाच उद्देशून नव्हतं. ते फक्त जागा सांगत होतं. मामांच्या वडिलांनी त्या आवाजावर नाव धरली आणि घाटाला आणून लावली. नवी सून एवढ्यानं ओरडली म्हणून आजी आधी चिडली. मग मुलगा पायऱ्या चढून वर आल्यावर म्हणाली, 'आवाज हाय म्हणायचा का भोंगा.' दुसऱ्या धुक्याला गावच आमच्या दारात आलं अव्वाला बोलवायला.

तेव्हापासून रीत ठरली. धुक्यात हाळी एकानंच घालायची. घाटावरच्या एकाच पायरीवर उभं राहायचं, हलायचं नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही. 'हितं हाय' म्हणायचं, आणि मग आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, म्हणजे नावेतून उत्तर येतंय का ते कळतं. लहानपणी अव्वा मला शेजारी उभी करून घ्यायची. मला ओरडायची परवानगी नसायची. 'तू आईक,' ती म्हणायची. 'वरडाय कुनालाबी येतंय.'

पुढं मी डिप्लोमाला पुण्याला गेले. हॉस्टेलच्या मुलींना माझ्या बोलण्याची फार मजा वाटायची. मी मुलगी असून 'मी आलो, मी जेवलो' म्हणायची, कारण आमच्याकडं सगळ्या बायका तसंच म्हणतात. एकीनं मला चांगुलपणानं समजावलं की 'हाय' नव्हे, 'आहे' म्हणावं. मी तिला सांगितलं, तुझं 'आहे' नदीपलीकडं पोचत नाही. तिला वाटलं मी काहीतरी गूढ बोलतेय. त्यात गूढ काही नव्हतं. 'आहे' तोंडातच संपतं. 'हाय' ओढता येतं, छातीत दम असेल तितकं. मी पुण्यात 'आहे' म्हणायला शिकले, लिहितानाही तेच लिहिते, पण त्या दोघांत थोर कुठलं हे मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं.

तीन-चार वर्षांपूर्वी अव्वाच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, काढताना आवाज जाऊ शकतो. अव्वानं विचारलं, 'जीव जाईल का?' ते म्हणाले, नाही. 'मग काढा,' ती म्हणाली. गाठ गेली आणि आवाजही गेला. आता ती बोलते ते श्वासावर, तोंडाजवळ कान नेला तर समजतं. गावाला याचं आमच्याइतकंच दुःख झालं. अव्वाला स्वतःला किती झालं ते तिनं कधी दाखवलं नाही. फोन बाळगायचा सोडून दिला तेवढं. 'त्येच्यात काय कुजबुजत बसू,' म्हणाली. बाकी तिचा दिवस होता तसाच राहिला. पहाटे पहिल्या नावेनं पलीकडच्या वस्तीवर जायचं, म्हशींच्या धारा काढायच्या, दुधाचे कॅन घेऊन परत यायचं आणि दूध संस्थेत घालायचं. भाऊ म्हणायचा, मी जातो. ती म्हणायची, म्हस तुला लाथ मारती.

अव्वानंतर हाळी कुणी घालायची हे कधी ठरलंच नाही. मधल्या दोन थंड्यांत मोठं धुकं पडलं नाही, आणि आता सगळ्यांकडं फोन आहेत, असं जो तो म्हणत राहिला.

गेल्या थंडीत, सुट्टी होती म्हणून मी माहेरी गेले होते. सकाळी अंगणात चहा घेत बसले होते. पहाटे अव्वा गेली तेव्हा आकाश काचेसारखं होतं. चहा संपेपर्यंत समोरचं तुळशीवृंदावन दिसेना. मी वहिनीला विचारलं, 'अव्वा आली का?' ती म्हणाली, 'अजून न्हाय की.' तेवढ्यात नदीकडून गलका ऐकू आला आणि आम्ही दोघी तशाच अनवाणी निघालो.

घाटावर अर्धं गाव जमलेलं. माझा भाऊ मामांशी फोनवर बोलत होता. मी त्याच्या फोनला कान लावला.

'मामा, कुठं हायसा?'

'धुक्यात हाय.'

'धुक्यात कुठं?'

'त्येच कळंना झालंय की. काय बी दिसंना. पान्याला वढ लई हाय आज.'

धरणातून पाणी सोडलेलं होतं. बंधाऱ्यावरून पाणी पडल्याचा आवाज येत होता, पण धुक्यात तो सगळीकडूनच येतो, त्याचा उपयोग होत नाही. वहिनीनं घाईघाईनं फोनवरचा नकाशा उघडला. त्यात निळा ठिपका आमच्याच घाटावर होता, कारण फोन आमचाच होता. तेव्हा मला समजलं की फोननं माणसाचा आवाज कानाशी येतो, पण माणूस नदीच्या कुठल्या अंगाला आहे ते येत नाही.

आणि मग आमच्या गावानं मदत सुरू केली. आमचं गाव मदतीला कधी कमी पडत नाही, ते जास्तच पडतं. नावेत ज्यांच्या बायका होत्या ते बायकांना हाका मारत होते. ज्यांच्या आया होत्या ते आयांना मारत होते. ज्यांचं कुणीच नव्हतं ते मामांना मारत होते. पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. कुणीतरी बुलेट आणून घाटाच्या तोंडाशी तिचा कान पिळत उभा होता. ग्रामपंचायत घाटाला लागूनच. सरपंचांनी माइक चालू केला. कचेरीच्या छपरावर चार दिशांना चार कर्णे आहेत, त्यांतून चार बाजूंनी एकच आवाज यायला लागला: 'नावेतल्या सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येतंय की त्यांनी ताबडतोब घाटाकडं यावं.' जणू काही ते मुद्दाम येत नव्हते.

सगळ्यांत वाईट म्हणजे ट्रॅक्टर. आमच्याच भावकीतला एकजण बंधाऱ्याच्या रस्त्यानं ऊस भरून निघालेला. त्याला फोनवर बातमी कळली. त्यानं जागच्या जागी, बंधाऱ्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा केला आणि मदत म्हणून हॉर्न दाबून धरला. सगळ्या गोंधळात एकसारखा, न थांबणारा असा तोच आवाज होता. आणि मामा शेवटी त्याच्यावरच निघाले. भावाच्या फोनमधून मला ऐकू आलं, 'आवाज घावला बघ. इंजान चालू करतो.'

मामा घाट समजून बंधाऱ्याकडं निघाले होते, आणि त्या नावेत माझी आई होती, जिला 'नको' म्हणून ओरडतासुद्धा येत नव्हतं.

मी भावाला म्हटलं, 'आधी मामांना सांग, इंजिन बंद करा. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन लाव, हॉर्न बंद कर म्हणावं.' आणि मी अव्वाच्या पायरीवर चढले. ती पायरी मला शोधावी लागली नाही. तिथं उभं राहून मी गावाकडं तोंड केलं, नदीकडं नव्हे, आणि फौंड्रीत भट्टी उतू जाताना ओरडावं तसं ओरडले, 'गप बसाऽऽ.'

तो आवाज सरपंचांच्या माइकमध्येही शिरला आणि चारी कर्ण्यांतून गावाला दुसऱ्यांदा ऐकू गेला. सरपंच स्वतःच दचकून थांबले. मी म्हटलं, 'मोठ्या आवाजाचं गाव हाय आपलं, मला ठावं हाय. आता गप बसून दावा. कुनाचं नाव घेऊ नका. अव्वाची रीत इसरलासा काय?' बुलेट बंद झाली. जाकीट घातलेला एक अनोळखी माणूस, बहुतेक दूध संस्थेकडं आलेला, मोबाइलनं शूटिंग करत 'हॅलो, हॅलो' करत होता. त्याला म्हटलं, 'पावणं, तुमीबी.' त्यानं फोन खिशात घातला. दूरवर ट्रॅक्टरचा हॉर्न अर्ध्यात तुटला.

मग जे झालं ते मी आयुष्यात पुन्हा बघेन असं वाटत नाही. आमचं गाव गप झालं. आमच्याकडं मयताला जमलेली माणसंसुद्धा गप नसतात, चितेची लाकडं कशी रचावीत यावर दोघांचं जुंपलेलं असतं. ते सगळं गाव श्वास धरून उभं राहिलं. एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली तर त्यानं पटक्याचा शेव तोंडात कोंबला आणि खोकला आत गिळला. बायांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. पिंपळाच्या पानांवरून धुक्याचं पाणी टपटपत होतं ते ऐकू येऊ लागलं. मला त्या माणसांचा तेव्हा जो अभिमान वाटला तो आजही कमी झालेला नाही. ओरडणं आम्हाला जन्मजात येतं. गप बसणं त्यांनी त्या सकाळी, त्या भीतीत, आपलं माणूस पाण्यावर असताना केलं.

आता माझी पाळी होती. मी नदीकडं वळले आणि तोंड उघडलं, आणि तोंडात एकच शब्द आला, तो म्हणजे 'अव्वा'. मला तिला हाक मारायची होती. दुसरं काहीच करायचं नव्हतं. लहान पोर अंधारात मारतं तशी मारायची होती. तो शब्द मी दातांनी अडवला. ती उभी राहिली असती. माझा आवाज ऐकून ती नक्की उभी राहिली असती, आणि तिच्यामागं सगळी नाव.

मी ओरडले, 'हितं हायऽऽ.'

आणि थांबले. काहीच आलं नाही. फक्त बंधाऱ्याचं पाणी.

पुन्हा, 'हितं हायऽऽ.'

या वेळी एक आवाज आला. टण्‌, टण्‌. कॅनवर झाकण आपटल्याचा. आणि तो आला खालच्या अंगानं, बंधाऱ्याच्या बाजूनं. मागं कुणीतरी हुंदका दिला आणि लगेच आवरला. त्यांना नाव किती खाली गेलीय ते कळलं होतं. मला आणखी एक गोष्ट कळली होती. ते झाकण माझी हाळी पूर्ण विरेपर्यंत थांबत होतं. मध्ये घुसत नव्हतं. इतक्या भीतीत रीत पाळून थांबेल असं त्या नावेत एकच माणूस होतं. ती मला ऐकत होती. तिनं मला शेजारी उभं करून ऐकायला शिकवलं, आणि आता ती ऐकत होती. मला रडू येत होतं आणि रडून चालणार नव्हतं, कारण रडलं की आवाज फाटतो.

मग बराच वेळ आम्ही दोघीच बोलत होतो. मी जागा सांगायची, तिनं झाकण वाजवायचं. तिच्या झाकणाची दिशा माझ्या कानाला लागत होती, माझ्या आवाजाची मामांना. इंजिन बंद ठेवून ते वल्ह्यानं येत होते, ओढीच्या उलट. कधी झाकण खालीच राहिल्यासारखं वाटे, कधी जवळ आल्यासारखं. एकदा तर दोन हाळ्यांना उत्तरच आलं नाही. भाऊ माझ्या पाठीशी उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. तिसऱ्या हाळीला झाकण वाजलं, आणि ते खालून नव्हे, समोरून वाजलं.

'हितं हायऽऽ.'

टण्‌, टण्‌.

धुक्यात आधी वल्हं दिसलं. मग मामांचा मफलर. मग नावेचं तोंड पायरीवर घासलं, आणि गावानं इतका वेळ कोंडलेला आवाज एकदम सोडला. त्या आवाजानं पिंपळावरचे बगळे उडाले. बाया रडत आपापल्या माणसांना आता मनसोक्त नावानं हाका मारत होत्या.

मामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. ते म्हणाले, 'हाळी मागनं आली. आदी गाव गप झाल्यालं ऐकू आलं. आमाला वाटलं, गेलं कोनतरी.' लोक हसले. रडत होते तेही हसले. मग माझ्याकडं बघून, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ते बोलले, 'अव्वाचं नाव काढलंस बघ पोरी.'

अव्वा सगळ्यांच्या शेवटी उतरली, दुधाचा कॅन दुसऱ्याच्या हातात न देता. मी तिला धरलं. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण माझा घसा बसलेला. तोंडातून नुसती हवा आली. आम्ही दोघी मायलेकी, पंचक्रोशीत आवाजासाठी प्रसिद्ध, एकमेकींसमोर मुक्या उभ्या होतो. तिनं ओल्या हातानं माझा गळा चाचपून बघितला, दुखतंय का असं. मग माझा कान धरून आपल्या तोंडाजवळ नेला.

'माझं नाव ऱ्हाऊ दे,' ती म्हणाली. 'नाव काढलीस, ती बघ.' आणि मागं घाटाला लागलेल्या नावेकडं बोट दाखवलं.

अव्वा शाबासकी देणाऱ्यांतली नाही. ही मला तिच्याकडून मिळालेली पहिली. सगळं गाव तिथं उभं होतं आणि माझ्याशिवाय ती कुणालाच ऐकू गेली नाही. माझा घसा तेव्हा बसलेला होता, नाहीतर मी ती घाटावर उभी राहून सांगितली असती.